मुलींच्या छात्रालयातील माझे दिवस

(संघाच्या वार्षिक मेळाव्यातील महिला-सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलण्याची मला सवय नाही असे मी म्हटले, तर माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या आणि आज या सभेत बसलेल्या दोघी-तिघी भगिनी तोंडाला पदर लावून हसतील. तीस वर्षे मी शाळेत बोलण्याचेच काम केले. परंतु फळ्यापुढे उभे राहून भूगोल सांगणे निराळे आणि ज्ञातीच्या भरल्या सभेपुढे स्वतःच्या कामाविषयी सांगणे निराळे. पहिल्यात चूक झाली तर खडूने पुसता येते. दुसऱ्यात ती सोय नाही. आणि आज मला माझी एक चूकही आपणांस सांगावयाची आहे. म्हणून प्रथमच आपली क्षमा मागून ठेवते.

कार्यवाहांनी मला विषय दिला तो असा : ‘छात्रालयातील स्वयंसेविकेची दिनचर्या’. सन २०१३ मध्ये मी नोकरीतून निवृत्त झाले. यजमान त्यापूर्वीच गेले होते, मुलगा परगावी होता. पुढील वर्षी आपल्या संघाच्या पुणे येथील कन्या-छात्रालयाच्या गृहमातांना महिनाभर रजेवर जावयाचे होते, म्हणून ‘तेवढा महिना सांभाळा’ असा निरोप आला. तो महिना अद्याप संपलेला नाही. आठवड्यातील चार दिवस आणि तीन रात्री मी तेथे असते. वेतन घेत नाही. दोन वेळचे जेवण मात्र मुलींच्या पंक्तीस बसून घेते, आणि ते वेतनाहून मोठे आहे असे मी समजते.

छात्रालय ही आपल्या महाराष्ट्रास नवी गोष्ट नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचा आरंभ केला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिजमातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी चालविलेल्या छात्रालयांचे मूळ तेथे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. ही नावे आपण दर वर्षी घेतो व घ्यावीतच. परंतु मला छात्रालयात राहावयास लागल्यापासून या थोर पुरुषांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या स्त्रिया अधिक दिसू लागल्या आहेत. साताऱ्याच्या मुलांना दोन घास मिळावेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरल्या. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिले, तेव्हा त्यांच्या भगिनी जनाबाई यांनी स्वतःस त्या कामात वाहून घेतले. संस्था स्थापन होते ती सभेत. ती चालते मात्र स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि आजारी मुलीच्या उशाशी. हे मी पुस्तकात वाचलेले नाही, छात्रालयात राहून शिकले आहे.

आता दिनचर्या सांगते.

आमचा दिवस पहाटे पाचला उजाडतो. छात्रालयात बेचाळीस मुली आणि न्हाणीघरे सहा. गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर चालणारा बंब देणगीदारांच्या कृपेने बसला आहे, पण तो पावसाळ्यात रुसतो. मग चुलीवर पाणी आणि बादल्यांची रांग. या रांगेत मुलींचे खरे स्वभाव कळतात. कोणती मुलगी दुसरीची बादली पुढे सरकविते, कोणती आपली बादली रांगेत ठेवून पुन्हा निजावयास जाते, आणि कोणती रोज मागे राहते पण कधी बोलत नाही. शाळेत तीस वर्षांत जे मला मुलींविषयी कळले नव्हते ते या रांगेने मला तीस दिवसांत शिकविले. जी रोज मागे राहते तिच्याकडे लक्ष ठेवावे. ती सोशिक असते असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती घाबरलेली असते.

सहा वाजता प्रार्थना, साडेसहाला न्याहारी. पोहे, उपमा, कधी थालीपीठ. शाळेत जाणाऱ्या मुलींचे डबे सातच्या आत भरावे लागतात. आमच्या बऱ्याच मुली बीड जिल्ह्यातील आणि पाथर्डीच्या बाजूच्या. त्यांना पोळीपेक्षा भाकरी गोड लागते. सुरुवातीला मी रोज पोळ्यांचा आग्रह धरला. शहरात आल्या आहेत, तर शहराचे जेवण जेवू देत, असा माझा विचार. पंधरा दिवस उरलेल्या पोळ्यांची टोपली पाहिल्यावर स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, ‘बाई, ह्यांना घर हवंय, हॉटेल नको.’ तेव्हापासून सायंकाळी बाजरीची अथवा ज्वारीची भाकरी, पिठले किंवा वांग्याची भाजी आणि लसणीचा ठेचा. टोपली आता रिकामी परत येते.

मुली शाळा-महाविद्यालयांत गेल्या की माझे हिशेबाचे काम सुरू होते. कोठीतील धान्य, भाजीची पावती, गॅसच्या टाक्या, विजेचे देयक. दुपारी गाद्या उन्हात घालणे, फाटक्या चादरी बाजूला काढणे. हे सारे क्षुल्लक वाटते. पण एका गोष्टीचे उदाहरण देते. एका पावसाळ्यात दोन मुलींना खरूज झाली. आम्ही त्या दोघींना औषध लावले आणि निश्चिंत झालो. आठ दिवसांत ती अकरा मुलींना झाली. डॉक्टरांनी मला सौम्य शब्दांत पण स्पष्ट सांगितले, की या व्याधीत एकटीला औषध लावून उपयोग नाही. एका खोलीत निजणाऱ्या सर्वांना, खाज असो वा नसो, एकाच रात्री औषध लावावे लागते आणि कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावी लागतात. त्या रात्री बेचाळीस मुली, गृहमाता, स्वयंपाकीणबाई आणि मी, सर्वांनी मानेपासून तळपायापर्यंत औषध लावले. छात्रालयाचा सर्व कारभार मला त्यात दिसतो. एकीचे दुखणे एकीचे राहत नाही, म्हणून औषधही एकीपुरते देऊन भागत नाही. छात्रालयात आपल्या ज्ञातीबाहेरच्याही पाच मुली आहेत. खरजेने त्यांची ज्ञाती विचारली नाही. औषधानेही विचारली नाही.

सायंकाळी पाचनंतर मुली परतू लागतात. मग वेण्या घालणे, उवांसाठी फणी फिरविणे, फाटलेले टाके घालणे. याच वेळी मुली बोलतात. समोरासमोर बसवून ‘काय झाले, सांग’ म्हटले तर एकही मुलगी तोंड उघडीत नाही. पण पाठमोरी बसवून केस विंचरावयास घेतले, की आपोआप बोलू लागते. डोळ्यांत डोळे नसले म्हणजे मन मोकळे होते. कितीतरी मुलींना पहिली पाळी छात्रालयातच येते. आई जवळ नसते. पूर्वी मुली हे लपवीत आणि घाणेरड्या चिंध्या वापरून आजारी पडत. आता आम्ही कपाटात पॅडची पुडकी उघड ठेवतो, किल्ली नाही, मोजदाद नाही, विचारणा नाही. एका सभासदांनी मला विचारले, ‘मोजदाद ठेवली नाही तर अपव्यय होणार नाही का?’ त्यांस मी म्हटले, ‘होऊ द्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलीने त्यासाठी रजिस्टरात सही करावी, हा अपव्यय मला अधिक वाटतो.’ ते सद्गृहस्थ आज सभेत आहेत, आणि त्या दिवसापासून पुडक्यांचा खर्च तेच देतात.

नव्याने आलेल्या मुलीविषयी एक अनुभव सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या मुली पुढेमागे घराबाहेर शिकावयास राहतील. मुलगी पहिल्या रात्री रडत नाही. पहिल्या रात्री तिला सारे नवे असते. ती रडते चौथ्या-पाचव्या रात्री, जेव्हा हे रोजचेच आहे असे तिला कळते. तेव्हा ‘घरची आठवण येते का?’ असे विचारू नये. तिला मेथी निवडावयास बसवावे. हाताला काम आणि शेजारी एक माणूस, एवढे पुरते.

सात वाजता हजेरी, नंतर जेवण, साडेनऊपर्यंत अभ्यास, दहाला दिवे बंद. नियमाप्रमाणे शाळकरी मुलींना स्वतःचा भ्रमणध्वनी ठेवण्याची परवानगी नाही. कार्यालयातील दूरध्वनीवर सायंकाळी सहा ते सात घरी बोलता येते. हा नियम करणाऱ्यांत मीही होते. येथपर्यंत सांगितलेले सर्व काही सुखाचे आहे. आता जे सांगावयाचे आहे ते सांगते.

सन २०१८ ची गोष्ट. त्या वर्षी दसरा १८ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला. दसरा झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात एका रात्री पाणी पिण्यास उठले असता नववीतील एक मुलगी न्हाणीघरासमोरच्या दिव्याखाली भिंतीला टेकून बसलेली दिसली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. मला पाहताच तिने हात पाठीमागे नेला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या रात्री मी जागी राहिले. पुन्हा तीन वाजता ती तेथेच, ओढणीआड तोंड धरून दबक्या आवाजात बोलत होती. पंधरा वर्षांची मुलगी, मध्यरात्र उलटलेली, लपविलेला फोन. भगिनींनो, तुमच्या मनात आता जे आले तेच माझ्या मनात आले. मी तिच्या हातातून तो साधा, बटणांचा फोन काढून घेतला. कोणाशी बोलत होतीस म्हणून विचारले. ती म्हणाली, ‘मायशी.’ मी म्हटले, ‘पहाटे तीन वाजता?’ आणि पुढे जे शब्द बोलले ते येथे सांगत नाही. तिने पुन्हा उत्तर दिले नाही. फोन मी कार्यालयाच्या कपाटात ठेवून कुलूप लावले.

पाच दिवस ती मुलगी माझ्याशी बोलली नाही. वेणी घालावयास आली नाही. मला वाटले, अपराध्याची लाज आहे. सहाव्या दिवशी तिची शाळेतील मैत्रीण, जी छात्रालयातही तिच्याच खोलीत राहते, माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘बाई, तिची माय फडावर आहे. तिला दुसरी वेळच नसते.’

आपल्या ज्ञातीतील जी कुटुंबे शहरांत स्थिरावली, ज्यांची मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, त्यांना हे कदाचित लांबचे वाटेल. पण ज्यांची घरे अजून गावाकडे आहेत त्यांस अधिक सांगणे नको. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधून साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. पाच-सहा महिने कोपीत राहावयाचे. दिवसा तोडणी, मोळ्या बांधणे, वाहन येईल त्या वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, डोक्यावरून मोळ्या वाहून भरणे. बाईला याआधी भाकरी थापावयाच्या, पाणी भरावयाचे. म्हणून ती तीनला उठते. चूल पेटवून तवा तापेपर्यंतचा जो वेळ, तेवढाच तिचा स्वतःचा. सायंकाळी सहा ते सात या आमच्या नियमाच्या वेळेत ती माउली उसाच्या फडात असे आणि तिचा फोन कोपीत. चूल पेटल्यावर ती लेकीशी बोले. एका हाताने पीठ मळीत बोले, असे पुढे मला त्या मुलीने सांगितले.

मी कपाट उघडून फोन चालू केला. त्यावर पाच दिवसांत आलेल्या हाकांची रांग होती. सर्व तीन ते चारच्या दरम्यानच्या. मी स्वतः फोन लावला, कोणी उचलला नाही. पहाटे तीनपर्यंत त्या मुलीच्या शेजारी बसून राहिले. तीनला फोन आला. आईने हाक मारली आणि मुलगी एकच वाक्य ऐकून गप्प झाली. नंतर तिने फोन माझ्या हातात दिला.

दिवाळीच्या सुट्टीत तिला चुलत्याकडे न्यावयाचे आणि तुळशीचे लग्न झाले की लागलीच तिचे लग्न उरकावयाचे, असे ठरले होते. नवरामुलगा तोडणीचाच. नवे जोडपे म्हणजे नवा कोयता आणि नवी उचल. आईला ते मनातून मान्य नव्हते, म्हणून ती पाच पहाटे फोन करीत होती. ‘सुट्टी लागली तरी गावाकडं जाऊ नको,’ एवढेच तिला सांगावयाचे होते. आणि मी, मुलींचे हित पाहणारी स्वयंसेविका, तो फोन कपाटात कुलूप लावून बसले होते. शाळेला सुट्टी लागण्यास चार दिवस उरले होते.

कायदा आपल्या बाजूस होता. २००६ च्या अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षांच्या आतील मुलीचे लग्न हा गुन्हा आहे. १०९८ या क्रमांकावर कोणीही कळवू शकतो. मी कळवावयास निघालेही होते. परंतु संघाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले, ‘कायदा आपल्याजवळ आहेच, तो पळून जात नाही. आधी बापाशी बोलू. त्याने ऐकले नाही तर मीच क्रमांक फिरवितो.’ आम्ही दोघे सातारा जिल्ह्यातील एका कारखान्याच्या परिसरात गेलो. कोप्यांची ती वस्ती पाहून माझे तयार केलेले भाषण मी विसरले. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या त्या खोपटांत वाकूनच शिरावे लागते. मुलीचे वडील भल्या पहाटे फडाकडे निघण्याच्या घाईत होते. मी त्यांस शिक्षणाचे महत्त्व सांगू लागले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले :

‘बाई, तुमचं बोलणं पटतं. पण दिवाळीला तुम्ही बी कुलूप लावता अन् आमच्या घराला बी कुलूपच असतं. मग लेकरू जातं कुठं? चुलत्याच्या दारात. वयात आलेलं लेकरू, त्याला मी इथून राखू कसा?’

भगिनींनो, या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या मनुष्यास मुलगी जड झाली नव्हती. त्याला तिची काळजी होती, आणि त्या काळजीस लग्नावाचून दुसरे दार त्याला दिसत नव्हते. आणि जे दुसरे दार होते, त्याला दरवर्षी आश्विन संपता संपता कुलूप घालणाऱ्यांत मी होते. नियमावलीत लिहिले आहे : ‘दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत छात्रालय बंद राहील.’ ज्यांनी हा नियम केला त्यांच्या डोळ्यांसमोर दिवाळीचे घर होते. पणत्या, फराळ, ओवाळणी. मुलीने सुट्टीत घरी जावे यापरते काय हवे? पण ज्या घराला दसऱ्यापासून कुलूप आहे त्या घरच्या मुलीसाठी हा नियम केलेलाच नव्हता.

मी त्यांस शब्द दिला, की मुलगी दिवाळीत माझ्या घरी राहील. आई काही बोलली नाही. चुलीतून निखारा ओढून तिने तव्याखाली सारला आणि डोळे पुसले. धुराने पुसले की कशाने, हे मी विचारले नाही. निघताना वडील एवढेच म्हणाले, ‘दहावीपर्यंत बघू.’

त्या दिवाळीत ती आणि तिच्यासारख्याच आणखी दोघी माझ्या दोन खोल्यांच्या घरात राहिल्या. आम्ही चकल्या केल्या, त्या बिघडल्या आणि तरी संपल्या. भाऊबीजेला त्या तिघींनी शेजारच्या वृद्ध गृहस्थांना ओवाळले. २०२० च्या मार्चमध्ये ती मुलगी दहावीला बसली. त्या वर्षी महासाथीमुळे भूगोलाचा पेपर तेवढा रद्द झाला, आणि मी भूगोलाची शिक्षिका असल्याने त्यावरून ती मला अजून चिडविते. पुढे ती परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळली. ‘दहावीपर्यंत बघू’ म्हणणाऱ्या वडिलांनी त्यानंतर तो विषय स्वतःहून काढला नाही.

पण सर्व कथा अशा शेवटाच्या नसतात, आणि केवळ ही एक सांगून मी खाली बसले तर ती आपली फसवणूक होईल. २०२० च्या मार्चमध्ये छात्रालय बंद करावे लागले. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. कित्येक मुलींचे आईबाप टाळेबंदीत कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. मुली आजी-आजोबांकडे, काका-मामांकडे गेल्या. पुन्हा दारे उघडली तेव्हा बेचाळीसपैकी नऊ मुली परत आल्या नाहीत. काहींची शाळा सुटली, काहींची लग्ने झाली. एकीची पत्र्याची पेटी अजून आमच्या कोठीच्या खोलीत आहे. तिच्यात आठवीची पुस्तके, एक कंपासपेटी आणि रिबिनींची गुंडाळी आहे. दोनदा निरोप धाडला, कोणी न्यावयास आले नाही. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, जागा अडते, द्या कोणाला तरी. मी देऊ दिली नाही. वर्षातून एकदा उन्हे दाखवून पुन्हा ठेवते.

आता माझे मागणे सांगते. कार्यवाहांनी विषय देताना मागणे करावे असे सांगितले नव्हते. पण शिक्षिकेस न विचारलेलेही सांगण्याची खोड असते.

पहिले मागणे असे, की दिवाळीच्या सुट्टीत छात्रालय बंद ठेवण्याचा नियम रद्द करावा. गेली काही वर्षे आम्ही दोघी-तिघी आपापल्या घरी मुली ठेवतो. पण ही सोय माणसांवर अवलंबून आहे, संस्थेवर नाही. आणि मी आता सत्तरीच्या पुढे आहे. खर्चाचा हिशेब मी मांडून आणला आहे. ज्यांच्या घरांना कुलूप असते अशा मुली साधारण अठरा. सुट्टी वीस दिवसांची धरली आणि एका मुलीचा दिवसाचा जेवणखर्च एकशे दहा रुपये धरला तर एकोणचाळीस हजार सहाशे रुपये होतात. स्वयंपाकीणबाईंचे सुट्टीचे जादा वेतन दहा हजार धरावे. म्हणजे पन्नास हजारांच्या आत. आपल्या ज्ञातीतील एका लग्नात मांडवाच्या फुलांवर यापेक्षा अधिक खर्च झालेला मी पाहिला आहे. इतक्या रकमेत अठरा लग्ने पुढे ढकलली जातील असे मी म्हणत नाही. एक ढकलली गेली तरी हिशेब जमेचा आहे.

कार्यकारी मंडळाची अडचण मी जाणते. सुट्टीत नोकरवर्ग गावी जातो. काही बरेवाईट झाल्यास उत्तरदायी कोण? ही शंका योग्य आहे. तिचे उत्तर माझ्या दुसऱ्या मागण्यात आहे. या सभेत कितीतरी भगिनी अशा आहेत, की ज्यांची मुले मोठी झाली, सुना कर्त्या झाल्या. त्यांनी वर्षातून दोन दिवस आणि एक रात्र छात्रालयास द्यावी. दहा-बारा भगिनी पुढे आल्या तरी दिवाळीचे वीस दिवस पाळ्या लावून निभतात. विशेष विद्या लागत नाही. केस विंचरता यावेत, ताप हाताला कळावा, आणि मुलगी बोलू लागली असता मध्ये बोलू नये, एवढे पुरे. संघास देणगी देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत, ती राहोत. पण त्या भिंतीच्या आत रात्री कोणी तरी झोपावे लागते.

तिसरे मागणे नियमाचे नाही, मनाचे आहे. आपण मुलींवर लक्ष ठेवतो ते पुष्कळदा संशयाने ठेवतो. शिस्त हवी, मी शिस्तीची माणूस आहे. पण शिस्त आणि संशय या दोहोंत अंतर आहे, आणि ते अंतर ओळखण्यास मला साठ वर्षे ओलांडावी लागली. मुलीचे लपणे पाहिले की आपण तिने काय केले असे विचारतो. ती कशाला घाबरली, असे प्रथम विचारावे.

छात्रालयातील फोनचा नियम आजही आहे. त्याला एक अपवाद आम्ही केला. तोडणीचा हंगाम सुरू झाला की माझा फोन रात्री माझ्या उशाशी असतो आणि त्याचा क्रमांक फडावर गेलेल्या सर्व आयांजवळ असतो. पहाटे तीन वाजता तो वाजतो. मी उठते, अंधारात पलंग मोजीत जाते, ज्या मुलीची आई असेल तिच्या कानाशी फोन ठेवते आणि दाराशी येऊन उभी राहते. काही ऐकण्यासाठी नव्हे. मुलींना अंधाराचे भय वाटू नये म्हणून. कधी एका रात्रीत चार वेळा उठावे लागते. झोपमोड होते हे खरे. पण त्या वेळी कुठे तरी एका चुलीवर तवा तापत असतो, आणि तेवढ्यात एक आई आपल्या मुलीला ‘जेवलीस का?’ म्हणून विचारीत असते. माझ्या साऱ्या दिनचर्येत यापेक्षा अधिक महत्त्वाचे काम मला दिसत नाही.

मंडळाने आपला निर्णय यथावकाश करावा. मात्र तो दसऱ्याच्या आत करावा, एवढी विनंती आहे. कारण त्यानंतर घरांना कुलपे लागतात.

 ज्या भगिनींना पाळी घ्यावयाची असेल त्यांच्यासाठी दाराशी वही ठेवली आहे. मी सभा संपेपर्यंत तिच्याजवळ बसून राहीन.